आउव्याचा ठाकूर

राजस्थानातील पाली जिल्ह्यात, मारवाड जंक्शन या रेल्वेच्या मोठ्या स्थानकापासून थोड्याच अंतरावर आउवा नावाचे गाव आहे. मुंबईहून अजमेर, जयपूरकडे जाणारा प्रवासी मारवाड जंक्शनवर चहा घेतो आणि पुढे जातो. आउव्याकडे वळण्याचे कारण सहसा कुणाला पडत नाही. परंतु १८५७ च्या सप्टेंबर महिन्यात याच गावाने राजपुताना एजन्सीचा कारभार हादरवून सोडला होता. जोधपूरच्या महाराजांची फौज येथे मोडली आणि गव्हर्नर जनरलच्या प्रतिनिधीला येथूनच माघार घ्यावी लागली. या सर्व घटनांच्या केंद्रस्थानी होते आउव्याचे ठाकूर कुशालसिंह चांपावत.

कुशालसिंहांचे चरित्र समजून घ्यायचे तर त्यांच्या घराण्यापासून सुरुवात करावी लागते. मारवाडचे राठोड राव रणमल १४३८ मध्ये चितोड येथे मारले गेले. त्यांचे पुत्र जोधा यांनी गमावलेले मंडोर परत मिळवले आणि १४५९ मध्ये जोधपूरची पायाभरणी केली. या उद्योगात जोधांच्या पाठीशी त्यांचे भाऊ उभे होते. त्यांपैकी चांपा यांचे वंशज ते चांपावत. साहजिकच, मारवाडचे राज्य एकट्या राजाने नव्हे, तर भावाभावांनी मिळून उभे केले आहे, ही भावना या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहिली. जोधपूरच्या दरबारातील आसनव्यवस्थेतही तिचे प्रतिबिंब दिसे. रणमलांच्या वंशातील सरदार राजाच्या उजव्या हाताला बसत, तर जोधांच्या वंशातील डाव्या हाताला. उजव्या बाजूच्या अग्रमानाच्या सरदारांत आउव्याचा समावेश होता. मारवाडात अशा पहिल्या प्रतीच्या सरदारांना सिरायत म्हणत.

मराठी वाचकाला परिचित असलेल्या सरंजामापेक्षा राजपुतांचे ठिकाण ही संस्था थोडी निराळी होती. ठिकाणाचा पट्टा राजाकडून मिळत असला, तरी ठाकूर स्वतःला राजाचा नोकर समजत नसे. तो स्वतःला त्याचा भाऊबंद मानी. पट्ट्याच्या अंदाजित उत्पन्नाला रेख म्हणत. त्या प्रमाणात स्वार आणि शिपाई घेऊन चाकरी करणे हे ठाकुराचे कर्तव्य होते. ठाकूर वारला की वारसाने हुकुमनामा नावाची रक्कम भरून पट्टा नव्याने मंजूर करून घ्यायचा. ही रक्कम किती असावी आणि वारस कोणी ठरवावा, या दोन प्रश्नांवरून राजा आणि सरदार यांच्यात सतत धुसफूस चाले. आपल्याकडे भाऊबंदकी हा शब्द भांडणाच्या अर्थाने रूढ झाला. मारवाडात मात्र तीच राज्याची घडी होती आणि तीच राज्याची दुखरी नस.

चांपावतांचा मराठ्यांशी आलेला संबंध रणांगणावरचा आहे. १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात जयाप्पा शिंदे यांची हत्या झाली. त्यानंतर मराठे आणि राठोड यांच्यातील वैर दीर्घकाळ धुमसत राहिले. सप्टेंबर १७९० मध्ये मेडत्याच्या मैदानात महादजी शिंद्यांच्या फौजेची आणि राठोडांची गाठ पडली. द बॉयन या सेनानीच्या कवायती पलटणी आणि तोफा यांच्यावर राठोड स्वारांनी जो आत्मघातकी हल्ला चढवला, त्यात आसोप आणि आउवा या ठिकाणांचे सरदार आघाडीवर होते. पराभव राठोडांचा झाला, तरी त्या हल्ल्याची आठवण दोन्ही बाजूंनी जपली.

पुढे १८१८ मध्ये जोधपूरने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला आणि सारी समीकरणे बदलली. पूर्वी राजाला सरदारांच्या तलवारीची गरज असे; आता त्याच्या पाठीशी कंपनी उभी होती. तहानुसार द्यावयाच्या स्वारांऐवजी कंपनीने १८३५ च्या सुमारास जोधपूर लीजन नावाची पलटण उभारली. तिचा खर्च जोधपूरच्या खजिन्यावर पडे आणि तिची छावणी एरिनपुरा येथे होती. विशेष म्हणजे महाराजा मानसिंह यांच्या कारभाराला कंटाळून सरदारांनीच कंपनीकडे दाद मागितली होती आणि १८३९ मध्ये कर्नल सदरलंड याने जोधपूरचा ताबा घेतला होता. तेव्हा मारवाडचे सरदार पहिल्यापासून इंग्रजांचे वैरी होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

मानसिंह १८४३ मध्ये निपुत्रिक वारले. गुजरातेतील अहमदनगरच्या राठोड शाखेतून तख्तसिंह यांना गादीवर आणण्यात आले. बाहेरून आलेल्या या महाराजांनी आपल्याबरोबर आपली माणसे आणली आणि हुकुमनाम्याची वसुली कडक केली. जुन्या सरदारांना ते रुचले नाही. बिठोडा या लहान ठिकाणाच्या वारसावरून आउव्याचे कुशालसिंह आणि महाराजा यांच्यात उघड वितुष्ट आले. थोडक्यात, १८५७ उजाडले तेव्हा आउवा आणि जोधपूर यांच्यातील भाऊबंदकीचे नाते तुटण्याच्या बेताला आले होते. ठिणगी मात्र बाहेरून पडली.

ऑगस्ट १८५७ मध्ये जोधपूर लीजनच्या शिपायांनी अबू आणि एरिनपुरा येथे उठाव केला आणि ते दिल्लीच्या वाटेला लागले. वाटेत त्यांची कुशालसिंहांशी भेट झाली. शिपाई बहुतांशी अवध आणि बिहारकडील पुरबिये. ना ते राठोड, ना मारवाडचे. त्यांना आश्रय देणे म्हणजे महाराजा आणि कंपनी या दोघांनाही एकाच वेळी आव्हान देणे होते. कुशालसिंहांनी आउव्याचे दरवाजे उघडले. आसोपचे शिवनाथसिंह, गूलरचे बिशनसिंह, आलणियावासचे अजितसिंह असे शेजारचे ठाकूर आपापली माणसे घेऊन त्यांना येऊन मिळाले.

तख्तसिंहांनी बंड मोडण्यासाठी फौज पाठवली. ८ सप्टेंबर रोजी ज्या बिठोड्यावरून वाद पेटला होता, त्याच बिठोड्याजवळ ही फौज पराभूत झाली आणि तिचा सेनापती अनाडसिंह मारला गेला. त्यानंतर गव्हर्नर जनरलचा राजपुतान्यातील प्रतिनिधी जनरल जॉर्ज लॉरेन्स स्वतः अजमेरहून चालून आला. लखनौच्या वेढ्यात मरण पावलेल्या हेन्री लॉरेन्सचा हा भाऊ. १८ सप्टेंबरला चेलावास येथे लढाई झाली आणि लॉरेन्सला मागे हटावे लागले. जोधपूरचा पोलिटिकल एजंट कॅप्टन मॉंक मेसन हा लॉरेन्सला मिळण्यासाठी येत होता. बंडवाल्यांचा बिगुल आपल्याच फौजेचा समजून तो त्यांच्यात शिरला, असे सांगितले जाते. तेथेच तो मारला गेला आणि त्याचे शिर आउव्याच्या वेशीवर टांगण्यात आले. मारवाडी लोकस्मृतीत ही लढाई काळ्या-गोऱ्यांची लढाई म्हणून राहिली आहे.

हा विजय क्षणिक ठरला. त्याच सुमारास दिल्ली इंग्रजांच्या हाती पडली. ऑक्टोबरमध्ये लीजनचे शिपाई आउवा सोडून उत्तरेकडे निघाले आणि १६ नोव्हेंबरला नारनौलजवळच्या घनघोर लढाईत त्यांचा मोड झाला. कुशालसिंह आता एकाकी पडले होते. शिपायांना जायला दिल्ली होती. ठाकुराला आपले गाव सोडून जाता येत नव्हते. २० जानेवारी १८५८ रोजी कर्नल होम्सच्या फौजेने आउव्याला वेढा घातला. तोफांचा मारा चार दिवस चालला. २३ तारखेच्या रात्री वादळी पावसाचा फायदा घेऊन कुशालसिंह किल्ल्याबाहेर पडले. किल्ल्याची जबाबदारी त्यांनी लांबियाचे ठाकूर पृथ्वीसिंह यांच्यावर सोपवली होती. दुसऱ्या दिवशी आउवा पडले.

इंग्रजांनी सूड घेतला तो दगडमातीवरही. तटबंदी सुरुंगाने उडवली, वाडा आणि मंदिरे उद्ध्वस्त केली, गाव लुटले. पकडलेल्यांपैकी अनेकांना मृत्युदंड दिला. ठाकुरांची आराध्य देवता सुगाली माता. दहा मस्तके आणि चोपन्न हात असलेली काळ्या पाषाणाची ही मूर्ती विजेत्यांनी उचलून नेली. ती प्रथम अबू, मग अजमेरचे संग्रहालय आणि पुढे पालीचे बांगड संग्रहालय असा प्रवास करत राहिली. ज्या देवीपुढे उठावाची शपथ घेतली जाते ती देवीच गावात ठेवायची नाही, हा त्यामागील हिशेब असावा.

कुशालसिंहांनी मेवाडची वाट धरली. कोठारियाचे रावत जोधसिंह यांनी त्यांना आसरा दिला. मेवाडातील सलूंबरच्या रावतांचीही सहानुभूती त्यांना लाभली. योगायोग असा, की याच कोठारियाच्या परिसरात, बनास नदीच्या काठी, १४ ऑगस्ट १८५८ रोजी तात्या टोपे यांचा जनरल रॉबर्ट्सच्या फौजेने पराभव केला. आदल्याच दिवशी तात्यांनी नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींचे दर्शन घेतले होते. उठावाची ज्योत विझत आली असताना मारवाड आणि महाराष्ट्र यांच्या वाटा मेवाडच्या एकाच टापूत येऊन पोहोचल्या होत्या.

अखेर ८ ऑगस्ट १८६० रोजी कुशालसिंहांनी नीमच येथे शरणागती पत्करली. मेजर टेलर याच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्यांची चौकशी केली. मेसनच्या हत्येत त्यांचा हात असल्याचे सिद्ध झाले नाही आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. त्यानंतर चार वर्षांनी, १८६४ मध्ये, उदयपूर येथे त्यांचे निधन झाले. आपल्या पडलेल्या तटबंदीच्या सावलीत मरण त्यांना लाभले नाही.

कुशालसिंह स्वराज्याच्या कल्पनेने लढले की केवळ आपल्या ठिकाणाच्या हक्कासाठी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांचे भांडण महाराजांशी होते आणि ते वारसा, पट्टा, हुकुमनामा यांवरून सुरू झाले, हे नाकारता येत नाही. तथापि, हक्काच्या भांडणाला तडजोडीचा मार्ग असतो. परक्या प्रांतांतल्या, पराभवाच्या छायेत वावरणाऱ्या शिपायांना दार उघडून दिल्यावर मात्र तो मार्ग बंद होतो. मारवाडच्या अनेक ठाकुरांच्या तक्रारी हुबेहूब त्यांच्यासारख्याच होत्या. त्यांतील बहुतेक जण स्वस्थ बसले आणि त्यांची ठिकाणे शाबूत राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राजस्थान राज्य आकाराला आले आणि १९५२ च्या जहागीर पुनर्ग्रहण कायद्याने सारीच ठिकाणे इतिहासजमा झाली. राखलेली आणि गमावलेली, दोन्ही. आज मारवाडातील पट्टे आणि रेख अभ्यासकांखेरीज कुणाच्या स्मरणात नाहीत. आउव्याचे नाव मात्र राजस्थानातील शाळकरी मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे. ठिकाण गमावून कुशालसिंहांनी आपल्या घराण्यासाठी जे राखले, ते एवढेच. आणि ते थोडे नाही.