रुपेरी आगगाडीचे धनी : माधवराव शिंदे

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात मेजावर मांडलेल्या रुळांवर चांदीची एक छोटी आगगाडी आहे. मद्य आणि चिरूट घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरत असे. एखाद्याने सुरई उचलली की विजेचा प्रवाह तुटून गाडी थांबे. सुरई जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. ही गाडी होती महाराज माधवराव शिंदे यांची.

२० ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेले माधवराव, १८८६ मध्ये जयाजीरावांच्या निधनानंतर अवघ्या नवव्या वर्षी गादीवर आले. १८९४ मध्ये पूर्ण अधिकार हाती येईपर्यंत राज्य चालवले ते कारभारी मंडळाने. तरुण राजाला यंत्रांचा, विशेषतः आगगाडीचा विलक्षण छंद होता. ते स्वतः इंजिन चालवीत. या छंदातूनच दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे उभी राहिली. भिंड आणि शिवपुरी तिने राजधानीला जोडले; श्योपूरची शाखा तर सुमारे २०० किलोमीटर लांबीची झाली.

त्या काळी गाडी चालवण्याइतकाच ती थांबवण्याचा प्रश्न बिकट होता. हातब्रेक माणसाच्या बळावर आणि सावधपणावर अवलंबून असे. साध्या निर्वात ब्रेकमध्ये थांबवण्याची वेळ आली की नळीतील हवा शोषून घेत. नळी तुटली तर ब्रेक निकामी. १८८९ मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे गाडीपासून सोडवलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि सुमारे ८० प्रवासी दगावले. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे झाले. त्यांत गाडी धावताना नळी निर्वात राखली जाते. जोड तुटला की हवा आत शिरते आणि ब्रेक आपोआप लागतात. दाबाच्या हवेचे ब्रेकही याच तत्त्वावर चालतात. मात्र त्यांचा जोर अधिक आणि लांब गाड्यांत ते लवकर लागतात. म्हणजे बिघाड झाला तर गाडी धावत राहू नये, थांबावी. मेजावरील गाडीत खरा ब्रेक नव्हता, केवळ प्रवाह तुटत असे. तरी सुरक्षेचे मर्म तेच होते.

राज्याची गोष्ट मात्र उलटी असते. चालवणारा नसताना ते थांबून चालत नाही. बालपणीच राजा झालेल्या माधवरावांना याची जाण असावी. दरबारचे धोरण त्यांनी ग्रंथरूपाने नमूद करून ठेवले. ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा पुत्र जिवाजीराव नऊ वर्षांचेही नव्हते. वडिलांप्रमाणेच मुलाच्याही बालपणी कारभारी मंडळ बसले आणि १९३६ मध्ये जिवाजीरावांना अधिकार मिळेपर्यंत राज्य चालत राहिले.

पुढे १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली. २०२० मध्ये श्योपूर मार्गावरील अरुंद रुळांची गाडीही बंद झाली आणि तिथे रुंद रुळांचे काम हाती घेण्यात आले. जयविलासच्या मेजावरील चांदीची गाडी आजही पाहायला मिळते.