हवेचा लगाम

आगगाडी वेगाने पळविणे मनुष्यास साधले होते. परंतु ती वेळेवर थांबविणे मात्र पुष्कळ वर्षे साधले नव्हते. ही उणीव ज्यांनी दूर केली, त्या जॉर्ज वेस्टिंगहाउस यांचा जन्म अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १८४६ साली झाला. त्यांच्या वडिलांचा शेतीची अवजारे बनविण्याचा कारखाना होता. लहानग्या जॉर्जचे मन शाळेपेक्षा त्या कारखान्यातच अधिक रमे.

१८६६ साली प्रवासात असताना दोन मालगाड्यांची टक्कर झालेली त्यांनी पाहिली. रूळ सरळ होते, दिवस स्वच्छ होता आणि दोन्ही चालकांनी एकमेकांस दुरून पाहिलेही होते. तरी गाड्या थांबल्या नाहीत. त्या काळी प्रत्येक डब्याचा ब्रेक निराळा असे. चालकाने शिटी दिली, की कामगार धावत्या डब्यांच्या टपांवरून पळत आणि हातांनी चक्रे फिरवून ब्रेक आवळीत. हिमवर्षावात पाय घसरून कित्येक जण प्राणांस मुकत.

आल्प्स पर्वतात बोगदा खणताना दाबलेल्या हवेने यंत्रे चालवितात, हे वेस्टिंगहाउस यांच्या वाचनात आले. तशीच हवा नळीवाटे डब्याडब्यांत पोचवून त्यांनी नवा ब्रेक बनविला. १८६९ साली त्याचे पेटंट त्यांना मिळाले. पिट्सबर्ग शहरातील पहिल्या चाचणीतच एक घोडागाडी रूळ ओलांडताना आगगाडीसमोर आली आणि गाडीवान रुळांवर कोसळला. चालकाने तत्काळ ब्रेक लावला. आगगाडी त्या गाडीवानापासून अवघ्या काही फुटांवर थांबली!

तरीही वेस्टिंगहाउस यांचे समाधान झाले नाही. नळी फुटली, तर ब्रेक निकामी होत. म्हणून १८७२ साली त्यांनी रचनाच उलटी केली. नळीत दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहावेत आणि दाब घटताच प्रत्येक डब्याच्या टाकीतील हवेने ते आपोआप लागावेत, अशी ही योजना होती. आता नळी फुटली किंवा डबे तुटून सुटले, तरी गाडी थांबे. यंत्र बिघडले, तरी माणूस वाचावा, हेच त्या रचनेचे मर्म होय.

१८८१ साली त्यांनी रेल्वेचे सिग्नल बनविणारी कंपनी स्थापन केली. १८९३ साली अमेरिकेने रेल्वेगाड्यांना असे ब्रेक बसविण्याचा कायदा केला. १९१४ साली वेस्टिंगहाउस यांचे निधन झाले. आजही भारतातील व अन्य देशांतील असंख्य गाड्यांस हवेचा हाच लगाम आवरतो.