ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावरून होमी भाभांनी महासत्तांशी घासाघीस केली ती अशी

गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडली की थोड्या वेळानं डाव्या हाताला ट्रॉम्बेची टेकडी दिसते आणि तिच्या पायथ्याशी, अगदी पाण्यालगत, एक मोठा घुमट. लाँचमधले निम्मे लोक त्याचा फोटो काढायला मोबाईल वर करतात. मानखुर्द-चेंबूरकडच्या लोकांना विचाराल तर ते एका शब्दात सांगतील, बीएआरसी. पण या घुमटाखालच्या भट्टीमुळे कॅनडा भारतावर चिडला, जगातल्या देशांनी अणुतंत्रज्ञान कुणाला विकायचं याचे नवे नियम केले आणि ते नियम आपल्यासाठी शिथिल व्हायला 2008 उजाडलं. या सगळ्याची सुरुवात करणारा माणूस मात्र ही भांडणं बघायला जिवंत नव्हता.

होमी जहांगीर भाभा. जन्म 30 ऑक्टोबर 1909, मुंबईतलं श्रीमंत पारशी घर. वडील वकील, आत्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. म्हणजे लहानपणापासून घरात उद्योगांच्या, पोलादाच्या, विजेच्या गप्पा. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि 1927 मध्ये केंब्रिज. घरच्यांचा हिशेब सरळ होता, पोरानं मेकॅनिकल इंजिनीअर व्हावं आणि टाटांच्या पोलाद कारखान्यात लागावं. पोराचा जीव भौतिकशास्त्रात. शेवटी वडिलांनी अट घातली, आधी इंजिनीअरिंग चांगल्या मार्कांनी पास हो, मग हवं ते शीक. भाभांनी दोन्ही केलं.

केंब्रिजमधल्या कामावर ते कुठल्याही परदेशी विद्यापीठात आयुष्य काढू शकले असते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरीचं त्यांनी मांडलेलं गणित आजही त्यांच्याच नावानं शिकवलं जातं. 1939 मध्ये ते सुट्टीला भारतात आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परतीची वाट बंद. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली, त्यांनी काम सुरू केलं. 1944 च्या मार्चमध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. हे हिरोशिमाच्या तब्बल सतरा महिने आधी, ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. 1945 मध्ये टीआयएफआर उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर वेग वाढला. ऑगस्ट 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग, अध्यक्ष भाभा. 1954 मध्ये अणुऊर्जा खातं, सचिव भाभा. खातं थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत, पण मुख्यालय दिल्लीत नाही, मुंबईत. पत्रांत ते नेहरूंना भाई म्हणायचे, त्यामुळे मधली फायलींची साखळी त्यांना फारशी लागली नाही. कामं झटपट झाली हे खरं. त्याचबरोबर, या खात्याला प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही हेही तितकंच खरं.

आता मुद्द्यावर येऊ. भारताकडे पैसा नव्हता, यंत्रं नव्हती. होतं ते केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं मोनाझाइट, ज्यातून थोरियम मिळतं. अमेरिकेला ते हवं होतं. 1951 मध्ये भारतानं दुष्काळासाठी गहू मागितला, तेव्हा अमेरिकी काँग्रेसमधल्या काहींनी गव्हाच्या बदल्यात मोनाझाइट, असा सूर लावला होता. भारतानं निर्यातबंदी उठवली नाही. भाभांची तीन टप्प्यांची योजना याच थोरियमवर बेतलेली होती: आधी युरेनियमच्या भट्ट्या, मग त्यातून निघालेल्या प्लुटोनियमवरच्या आणि शेवटी थोरियम. म्हणजे प्लुटोनियम वेगळं काढता येणं ही या योजनेची मधली पायरी. गोची अशी की बॉम्बचीही पायरी तीच आहे.

पहिली भट्टी, अप्सरा, ट्रॉम्बेतच 4 ऑगस्ट 1956 ला सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली पहिली. बांधणारे आपले इंजिनीअर, इंधन ब्रिटनचं. पाण्यातल्या निळ्या झळाळीवरून नाव नेहरूंनी दिलं.

दुसरी भट्टी म्हणजे तो घुमट, सायरस. 40 मेगावॉटची ही भट्टी कॅनडानं दिली आणि तिला लागणारं जड पाणी अमेरिकेनं. इथे भाभांच्या ओळखी कामी आल्या. कॅनडाच्या अणुकार्यक्रमातले डब्ल्यू. बी. लुईस आणि ब्रिटनचे जॉन कॉकक्रॉफ्ट हे दोघंही केंब्रिजच्या दिवसांपासून परिचित. करार 1956 चा. वापर शांततेसाठीच करू, असं भारतानं लिहून दिलं. पण ते पाळलं जातंय की नाही हे तपासायला परदेशी निरीक्षक ट्रॉम्बेत येतील, अशी तरतूद त्यात नव्हती. सगळी गंमत या एका रिकाम्या जागेत आहे.

आणि ती जागा चुकून राहिलेली नव्हती. 1955 च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद झाली, तिचे अध्यक्ष भाभाच होते. (वीस वर्षांत संलयनाची ऊर्जा माणसाच्या हाती येईल, असं भाकीत त्यांनी तिथे केलं. अजून वाट बघतोय.) पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरत होती. बड्या देशांचं म्हणणं, भट्टीतून निघणारं जास्तीचं प्लुटोनियम संस्थेकडे जमा व्हावं. भाभांनी विरोध केला. ज्यांच्याकडे आधीच बॉम्ब आहेत त्यांना तपासणी नाही आणि जे वीज करायला निघालेत त्यांच्या घरात मात्र निरीक्षक, हा कुठला न्याय, असा त्यांचा मुद्दा. शेवटी तडजोड झाली: स्वतःच्या संशोधनाला आणि भट्ट्यांना लागेल तेवढं प्लुटोनियम देश ठेवू शकतील.

मला विचाराल तर भाभांचा युक्तिवाद बरोबर होता आणि सोयीचाही होता. तपासणी भेदभाव करणारी होती, यात शंका नाही. पण तपासणी नको म्हणणाऱ्याच्या हातात बॉम्बचा पर्याय आपोआप शिल्लक राहतो, हे त्यांना कळत नव्हतं असं मानणं त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. सायरस 1960 मध्ये सुरू झाली. तिच्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढणारा कारखाना ट्रॉम्बेतच उभा राहिला आणि जानेवारी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्याचं उद्घाटन केलं.

मधल्या काळात 16 ऑक्टोबर 1964 ला चीननं अणुचाचणी केली होती. 1962 ची जखम ताजी, नेहरू नुकतेच गेलेले. आठवडाभरात भाभा आकाशवाणीवर बोलले. निःशस्त्रीकरणाची बाजू मांडताना त्यांनी अमेरिकी आकडेवारीच्या आधारे बॉम्बची किंमतही सांगितली: दहा किलोटनाचा एक बॉम्ब साधारण 17.5 लाख रुपयांत. त्यात भट्ट्यांचा आणि कारखान्यांचा खर्च धरलेला नव्हता, म्हणून आकडा इतका स्वस्त दिसला. पण परिणाम झाला. संसदेत बॉम्बची मागणी वाढली आणि गांधीवादी शास्त्रींनी अखेर शांततामय भूमिगत स्फोटाच्या अभ्यासाला परवानगी दिली.

24 जानेवारी 1966. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघालेले भाभा एअर इंडियाच्या कांचनजंगा या बोइंग 707 मध्ये होते. जिनिव्हाला उतरायच्या आधी विमान माँ ब्लाँवर आदळलं. 117 जण गेले. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी होता. अपघातामागे सीआयए होती, असे मेसेज आजही फिरतात. त्याला पुरावा नाही. चौकशीत निघालं ते फार साधं आहे: विमानातलं एक दिशादर्शक यंत्र बंद होतं, नियंत्रण कक्षाच्या सूचनेचा वैमानिकानं वेगळा अर्थ लावला आणि शिखर मागे पडलं असं समजून तो खाली येत राहिला.

पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभांचं नाव मिळालं. 18 मे 1974 ला पोखरणमध्ये स्फोट झाला. प्लुटोनियम सायरसचं. भारत म्हणाला, हाही शांततामय वापरच. कॅनडानं सहकार्य तोडलं. अणुसाहित्य विकणाऱ्या देशांनी पुढच्याच वर्षी लंडनला बैठक घेतली आणि त्यातून अणुपुरवठादार गट तयार झाला. पश्चिम रेल्वेनं बोईसरला उतरून जिथे जाता येतं, त्या तारापूरच्या अमेरिकी बनावटीच्या भट्ट्यांचं इंधनही याच भांडणात अडकलं. ते पुढे फ्रान्सकडून आणावं लागलं.

2008 मध्ये या गटानं भारताला सूट दिली. त्यासाठी अमेरिकेशी झालेल्या समझोत्यात सायरस बंद करण्याचं भारतानं कबूल केलं होतं. 31 डिसेंबर 2010 ला ती बंद झाली. लाँचमधून दिसतो तो घुमट तिचाच.