रिचर्ड कॅन्टिलॉन : पॅरिसचा आयरिश पेढीवाला

अर्थशास्त्र शिकलेल्या मंडळींच्या कानावर रिचर्ड कॅन्टिलॉन हे नाव केव्हातरी पडलेले असते. आम्हांला मात्र त्याच्या ग्रंथाइतकेच त्याच्या घराण्याविषयी कुतूहल वाटते. मूळ गाव सुटलेल्या माणसांच्या नात्यागोत्यांवर हे आयुष्य उभे राहिले आणि त्याच नात्यांना शेवटी कोर्टाची पायरी चढावी लागली.

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला केरी परगणा आहे. तिथल्या बॅलीहेग गावच्या कॅन्टिलॉन घराण्यात १६८० च्या दशकात रिचर्डचा जन्म झाला. घराणे नॉर्मन वंशाचे, धर्माने कॅथलिक, एकेकाळचे जमीनदार. क्रॉमवेलच्या स्वारीनंतर कॅथलिकांच्या जमिनी जप्त झाल्या, त्यांत यांचीही गेली. पुढे १६९० मध्ये बॉइन नदीकाठी कॅथलिक राजा दुसरा जेम्स हरला आणि १६९१ च्या लिमरिकच्या तहानंतर हजारो आयरिश सैनिक फ्रान्सला निघून गेले. आयरिश लोक त्यांना रानहंस म्हणतात. पदच्युत राजाचा दरबार पॅरिसजवळ सँ-जेर्मँ इथे भरत असे. त्याच्या आसऱ्याने कोणी पलटणीत शिरले, कोणी दारूच्या व्यापारात, कोणी पेढीवर बसले. आधी आलेल्याने मागून येणाऱ्याला हात द्यायचा, ही रीत. शिंदे, होळकर, गायकवाड यांच्यामागून आलेल्या आपल्या घरांना ती समजावून सांगायला नको.

रिचर्डने १७०८ मध्ये फ्रान्सचे नागरिकत्व घेतले. पण स्पेनच्या गादीसाठी युद्ध चालू असताना तो स्पेनमध्ये चाकरीला लागला तो ब्रिटिश फौजेच्या खजिन्यावर, म्हणजे फ्रान्सच्या शत्रूकडे! परदेशातल्या ब्रिटिश फौजांचा मुख्य खजिनदार जेम्स ब्रिजेस याने त्या पदावर अफाट माया जमवली होती. त्याची मर्जी बसली आणि रिचर्डला भांडवल मिळाले. पॅरिसमध्ये त्याच्याच नावाचा एक चुलतभाऊ परागंदा आयरिशांची पेढी चालवत होता. ती पेढी १७१६ च्या सुमारास आपल्या रिचर्डच्या हाती आली. एका अंगाला निर्वासित राजाचे लोक, दुसऱ्या अंगाला लंडनचे बडे अधिकारी, आणि दोघांच्याही हुंड्या एकाच माणसाकडे.

त्याच वर्षी जॉन लॉ या स्कॉटिश गृहस्थाने पॅरिसमध्ये बँक काढली. १७१७ मध्ये त्याने लुइझियानाच्या व्यापाराची कंपनी उभी केली. पाचशे लिव्ह्रचा शेअर १७१९ संपता संपता दहा हजारांच्या घरात गेला. कॅन्टिलॉनही लॉच्या मंडळीतलाच. लॉ आणि जोसेफ गेज यांच्याबरोबर त्याने लुइझियानात जमीन घेतली आणि वसाहतकऱ्यांची तुकडी घेऊन आपला भाऊ बर्नार्ड याला तिकडे पाठवले. मात्र शेअरचा भाव चढत असतानाच १७१९ मध्ये स्वतःचे शेअर विकून तो इटलीला निघून गेला. नोटा छापून भाव फार काळ टिकणार नाही, हे त्याने ओळखले होते.

इथवर सगळे हुशारीचे. पुढचे आम्हांला तितकेसे पचत नाही. १७२० मध्ये गेज, ड्यूक ऑफ पोविसची मुलगी लेडी मेरी हर्बर्ट, अशा ओळखीच्या लोकांना त्याच्या पेढीने शेअर तारण ठेवून कर्जे दिली. पेढी तेव्हा जॉन ह्यूज हा भागीदार आणि लहानग्या पुतण्याच्या नावावर होती. कर्जे फेडायची होती ती पौंडांत. तारण आलेले शेअर कॅन्टिलॉनने गुपचूप चढ्या भावात विकून टाकले. बाजार कोसळल्यावर त्याने कर्जदारांकडे मुद्दल अधिक व्याज मागितले. शेअरवर कोणाचे नाव-नंबर नोंदलेले नव्हते, तेव्हा मागतील त्यांना तेवढेच शेअर परत देऊ, असा त्याचा बचाव. कायद्याच्या भाषेत त्यात तथ्य असेल. पण तारण म्हणजे विश्वासाने ठेवलेली वस्तू, असे मानणाऱ्या कर्जदारांना हा दगाच वाटला. खटले त्याच्या मरणापर्यंत चालू राहिले.

संसार मात्र मानाचा मिळाला. १७२२ मध्ये त्याने मेरी अ‍ॅन ओ'माहनी हिच्याशी लग्न केले. तिचे वडील काउंट डॅनियल ओ'माहनी हे १७०२ मध्ये क्रेमोनाच्या लढाईत नाव कमावलेले आयरिश सेनानी. जमीन गेलेल्या घराण्याला रानहंसांच्या सरदारांत सोयरीक मिळाली. त्यांची मुलगी हेन्रिएटा पुढे अर्ल ऑफ स्टॅफर्डची पत्नी झाली.

१४ मे १७३४ च्या पहाटे लंडनच्या अल्बमार्ल स्ट्रीटवरचे त्याचे घर जळाले. आत एक जळलेले प्रेत सापडले. नुकताच कामावरून काढलेला फ्रेंच आचारी फरार झाला होता, त्याच्यावर संशय गेला. घरातल्या तीन नोकरांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. त्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेत सुरिनामला एक परका गृहस्थ उतरला, त्याच्याजवळ कॅन्टिलॉनची कागदपत्रे निघाली. तो आचारीच होता, की खटल्यांना कंटाळून पळालेला खुद्द कॅन्टिलॉन, यावर अभ्यासक अजूनही वाद घालतात. आम्हांला आचारीच वाटतो.

मागे राहिले एक हस्तलिखित. त्यात त्याने लिहिले होते की नवा पैसा सगळ्यांच्या हाती एकदम पोहोचत नाही. ज्याच्या हाती आधी येतो तो जुन्या भावात खरेदी करतो, आणि शेवटी उभा असतो त्याला नुसती महागाई भेटते. पॅरिसमध्ये हे त्याने पुस्तकात वाचले नव्हते, स्वतः केले होते. ठरल्या भावाने घेऊन अनिश्चित भावाने विकणारा तो उद्योजक, ही व्याख्याही त्याचीच, आणि तिच्यात त्याने भिकारी नि चोरसुद्धा बसवले आहेत.

ग्रंथ १७५५ मध्ये फ्रेंचमध्ये छापला गेला. अ‍ॅडम स्मिथने त्याचा उल्लेख केला, पुढे तो विसरला गेला आणि १८८१ मध्ये जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने तो पुन्हा उजेडात आणला. ग्रंथात कॅन्टिलॉन वाचकाला वारंवार आकडेमोडीच्या पुरवणीकडे पाठवतो. ती पुरवणी आजवर कोणाला सापडलेली नाही.