अठराव्या वर्षी हाती आलेला कारभार

गेल्या वर्षी श्रावणात मला बढती मिळाली आणि घरी पेढे आले. कचेरीत मात्र पहिल्याच सोमवारी माझी अडचण झाली. डिप्लोमा करून नोकरीला लागलो तेव्हा ज्यांनी मला मोजमाप-पुस्तक कसे भरायचे ते शेजारी बसवून शिकवले, त्यांच्याच रजेच्या अर्जावर आता मी सही करायची होती. मी उत्साहाने चार नवे नियम काढले. सर्वांनी ते ऐकून घेतले आणि काम पूर्वीसारखेच चालू राहिले.

त्या दिवसांत महाराजा सयाजीरावांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. आपण बडोदेकर त्यांचे नाव रोज घेतो. बाग त्यांच्या नावाची, दवाखाना त्यांच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचे. पण आपल्या डोळ्यांसमोर असतात ते पुतळ्यातले भारदस्त महाराज. मला या वेळी भेटले ते अठरा वर्षांचे सयाजीराव, ज्यांच्या हाती नुकताच कारभार आला होता. त्यांच्याविषयीच चार शब्द लिहितो.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव, आई उमाबाई. आडनाव गायकवाड असले तरी घर शेतकऱ्याचे होते. बाराव्या वर्षापर्यंत या मुलाचे दिवस शेतात आणि गुराढोरांत गेले. अक्षरओळख जेमतेमच होती.

तिकडे बडोद्यात मल्हारराव महाराजांची कारकीर्द वादात सापडली होती. सोन्याच्या तोफा ओतल्या जात होत्या आणि रयत मात्र गांजली होती. ब्रिटिश रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून चौकशी झाली. चौकशी मंडळात एकमत झाले नाही, तरी १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाईसाहेब यांनी गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतून हा मुलगा निवडला. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळरावाचा सयाजीराव झाला. कशासाठी आलास असे विचारल्यावर, राज्य करायला, असे उत्तर त्याने दिल्याची कथा आपल्याकडे घरोघर सांगतात.

पण नुसत्या उत्तराने राज्य चालत नाही. पुढची सहा वर्षे त्यांना शाळेच्या बाकावर काढावी लागली. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकायच्या होत्या. ज्या वयात इतर राजपुत्र शिकारीला जात, त्या वयात हा मुलगा मुळाक्षरे घोटत होता. कारभाराचे धडे दिले दिवाण सर टी. माधवराव यांनी. हे तंजावरकडचे मराठी गृहस्थ. त्रावणकोर आणि इंदूर संस्थानांची दिवाणगिरी करून ते बडोद्यात आले होते. राजाने कसे वागावे यावर त्यांनी दिलेली व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने छापली गेली.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना राज्याचे अधिकार मिळाले. वय अठरा. आता त्यांची अडचण पाहा. समोर बसलेला प्रत्येक अधिकारी वयाने आणि अनुभवाने मोठा. दिवाण तर साक्षात गुरू, आणि विसकटलेली घडी त्यांनीच बसवलेली. दरबारात मानापमानावर डोळा ठेवणारे सरदार आणि डोक्यावर इंग्रज रेसिडेंट. नवा राजा कुणाच्या सांगण्याने चालतो, याकडे सर्वांचे लक्ष लागलेले.

१८८२ मध्ये माधवराव निवृत्त झाले. अशा वेळी नवा माणूस बहुधा जुन्याची प्रत्येक गोष्ट मोडून आपला ठसा उमटवायला जातो. सयाजीरावांनी माधवरावांनी उभी केलेली न्यायालये, पोलीस व महसुलाची व्यवस्था मोडली नाही. तिच्यावरच पुढचे बांधकाम केले.

दुसरे काम त्यांनी केले ते म्हणजे मुलूख डोळ्यांनी पाहिला. बडोदे राज्य काही सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत, मध्ये दुसऱ्यांची हद्द. महाराज या प्रांतांच्या दौऱ्यावर निघाले. गावोगावी रयतेची गाऱ्हाणी ऐकली, शाळा, कचेऱ्या, विहिरी पाहिल्या. शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या मुलाला पीक आणि पाणी कागदावरून समजावून सांगावे लागत नव्हते. आपले वय लहान आहे हे त्यांना बदलता येत नव्हते. पण कामाची माहिती वाढवणे त्यांच्या हाती होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करायचे त्यांच्या मनात होते. हुकूम काढला असता तर एका दिवसात राज्यभर लागू झाला असता, निदान कागदावर. त्यांनी तसे केले नाही. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग सुरू केला. शिक्षक किती लागतात, इमारती कुठून आणायच्या, पालक मुलांना शेतावरून सोडतात का, हे सर्व तिथे कळले. सगळ्या राज्याला कायदा लागू झाला तो १९०६ मध्ये. मधली तेरा वर्षे त्यांनी धीर धरला.

सगळेच असे साधले नाही, हेही सांगायला हवे. अधिकार मिळाल्यानंतर थोड्याच काळात त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा उघडल्या. सवर्ण शिक्षक तिथे शिकवायला तयार होईनात. महाराजांनी शाळा बंद केल्या नाहीत. मुसलमान शिक्षक नेमले, पुढे आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना बोलावून घेतले. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. पण तेच बाबासाहेब १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि महाराजांच्याच कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून टाकत. शेवटी त्यांना बडोदे सोडावे लागले. पस्तीस वर्षे राज्य केलेल्या राजाचा हुकूमही कचेरीतल्या माणसाच्या मनापर्यंत पोचला नव्हता. हे वाचून मान खाली जाते.

स्वतःच्या बाबतीतही त्यांची एक चूक झाली. प्रत्येक काम आपणच पाहायचे, लहानसहान कागदही नजरेखालून घालायचा, या सवयीने त्यांची प्रकृती ढासळली. १८८५ मध्ये पहिल्या पत्नी चिमणाबाई वारल्या; रावपुऱ्यातले टॉवर त्यांच्याच स्मरणार्थ आहे. महाराजांना निद्रानाश जडला आणि १८८७ मध्ये प्रकृतीसाठी त्यांना प्रथम युरोपला जावे लागले. पुढे परदेशवाऱ्या वाढल्या, त्यावरून इंग्रज सरकारची नाराजीही ओढवली. पण बाहेर राहून त्यांनी माणसे हेरली आणि त्यांच्यावर कामे सोपवली. कलाभवन गज्जर यांनी उभे केले, ग्रंथालयांची घडी अमेरिकेतून आणलेल्या बॉर्डन यांनी बसवली, रमेशचंद्र दत्तांसारखा विद्वान महसुलाचे काम पाहायला आला. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा कवळाण्याहून आल्याला जवळजवळ चौसष्ट वर्षे झाली होती.

कुठे संस्थानचा राजा आणि कुठे मी, एका शाखेचा कारकुनी-इंजिनिअर! तरी पुस्तक मिटल्यावर मी माझे चार नियम मागे घेतले. ज्यांनी मला शिकवले त्यांच्याबरोबर महिनाभर साइटवर फिरलो. चारपैकी दोन नियम निरुपयोगी होते, हे त्यांनी न बोलता दाखवून दिले. तिसरा एकाच कामावर करून पाहिला. तो आता चालतो. चौथ्याचे अजून जमलेले नाही.

यंदा गणरायापुढे हात जोडताना बुद्धीबरोबर थोडा धीरही मागणार आहे.