जोतीरावांचा हौद आणि जोतीरावांचे बांध

महात्मा जोतीराव फुले यांना आपण शाळा काढणारे म्हणून ओळखतो. पाणलोटाचे काम करताना आम्हाला मात्र पाण्याचे जोतीराव आठवतात.

१८२७ साली माळी कुटुंबात जन्मलेल्या जोतीरावांना मातीची ओळख घरातूनच झाली. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. कंत्राटदार म्हणून बांधकामे केली, मांजरीला शेतीही केली. १८७६-७७ च्या दुष्काळात धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले.

या अनुभवातून १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी दुष्काळाला नुसता दैवाचा खेळ मानले नाही. जंगल खात्याने गायराने घेतली, डोंगर उघडे पडले, शेताला मिळणारे पालापाचोळ्याचे खत थांबले, हे त्यांनी दाखवले. उपायही सांगितले. रिकाम्या वेळी पलटणी आणि पोलीस लावून बांध घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नाल्याला जाईल. तळ्यांतला गाळ शेतकऱ्याला नेऊ द्यावा. गायराने गावाला परत करावीत. आज ज्याला आपण पाणलोट विकास म्हणतो, त्याचा गाभा यात आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

आम्ही काम केलेल्या एका गावात बांधबंदिस्ती चांगली झाली. पायथ्याच्या बागायतदारांच्या विहिरी भरल्या. पण माथ्यावर चराईबंदी आली ती भूमिहीनांच्या शेळ्यांवर. चर खोदायला वस्तीतल्या बाया होत्या. पाणी वाटायच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावले नाही.

जोतीरावांचे बांध आपण घेतले, हौद विसरलो. पाणी मुरवणे आणि पाणी सर्वांचे करणे ही त्यांच्या आयुष्यात वेगळी कामे नव्हती. ज्या गावात निम्मी घरे पाण्याच्या हिशोबाबाहेर राहतात, ते गाव पुढच्या दुष्काळात एकत्र उभे राहणार नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत आपण एवढे तरी विचारू या: जिरवलेल्या पाण्यात भूमिहीनांचा वाटा किती?