कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्याची डॉक्टर, जी कधी पोहोचलीच नाही: आनंदीबाई जोशी आणि आजचा पीसीओएस

कोल्हापुरात राहत असाल तर सीपीआरच्या दारावरून शंभरदा तरी गेला असाल. टाऊन हॉलच्या समोरची जुनी दगडी इमारत. वयस्कर माणसं अजूनही तिला थोरला दवाखाना म्हणतात. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे आत्ताचं नाव. संस्थानाच्या काळात, १८८० च्या दशकात ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल.

१८८६ साली या हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डसाठी एका डॉक्टरची नेमणूक झाली. डॉक्टरचं वय २१. नाव आनंदीबाई गोपाळराव जोशी.

त्या कधीच रुजू झाल्या नाहीत.

दरवर्षी ३१ मार्चला आनंदीबाईंची जयंती येते आणि आपल्या सगळ्यांच्या फीडवर तोच एक फोटो फिरतो. पहिली महिला डॉक्टर, सलाम, नमन वगैरे. त्यात कोल्हापूरचा उल्लेख क्वचितच असतो. त्याहून क्वचित सांगितलं जातं, की या मुलीला डॉक्टर का व्हायचं होतं. ते कारण आज पीसीओएसबद्दल बोलताना फार आठवतं. आनंदीबाईंना पीसीओएस होता असं काही म्हणायचं नाहीये, त्या काळी हा शब्दही नव्हता. पण बाईनं आपल्या शरीराबद्दल डॉक्टरसमोर बोलायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. तो अजून सुटलेला नाही.

नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण

आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना. नऊ वर्षांची असताना तिचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं. गोपाळराव टपाल खात्यात कारकून, वयानं जवळपास वीस वर्षांनी मोठे, विधुर. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हे विचित्र रसायन होतं. बायकोनं शिकलंच पाहिजे या हट्टानं त्यांना पछाडलं होतं. इतरांच्या घरी बायकांना पुस्तक हातात घेतलं म्हणून मार पडायचा, इथं अभ्यास सोडून स्वयंपाकात रमली म्हणून पडायचा. त्यांना नुसतं सुधारक म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. आणि त्यांच्याशिवाय आनंदीबाई अमेरिकेला पोहोचल्या असत्या असंही म्हणता येत नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो जेमतेम दहा दिवस जगला. त्याला वेळेवर डॉक्टरी उपचार मिळाले नाहीत. आनंदीबाईंच्या डोक्यात वैद्यकाचा विचार पक्का झाला तो या घटनेनंतर, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. तेव्हा डॉक्टर पुरुषच असायचे. परक्या पुरुषाला नाडी दाखवायलाही कित्येक घरांत परवानगी नव्हती, मग बाकीच्या तक्रारी कोण सांगणार? बायका दुखणं अंगावर काढायच्या. कित्येकजणी त्यातच जायच्या.

कोल्हापूरहून गेलेलं पत्र

गोपाळरावांची बदली कोल्हापूरला झाली आणि गोष्टीला वळण मिळालं. कोल्हापुरात १८५० च्या दशकापासून अमेरिकन मिशन होतं. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांनी ते उभं केलेलं. पुढे ते अमेरिकेला परतले आणि प्रिन्स्टनहून एक मासिक काढू लागले. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत मिळेल का, असं गोपाळरावांचं पत्र कोल्हापूरहून त्यांच्यापर्यंत गेलं. धर्म बदलणार असाल तर बघू, असा उत्तराचा रोख होता. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हतं. गोष्ट तिथंच संपायची, पण हा पत्रव्यवहार मासिकात छापून आला.

१८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो अंक दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत सहज चाळला. वाचून त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. पुढची काही वर्षं दोघींची पत्रं सुरू राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या.

तोपर्यंत जोशींची बदली बंगालमध्ये झाली होती. नवऱ्याबरोबर रस्त्यानं चालणारी मराठी बाई बघून तिथले लोक टिंगल करायचे. शेवटी २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केलं. आपण अमेरिकेला का जातोय, नवऱ्याशिवाय एकटी का जातेय, परत आल्यावर जातीनं वाळीत टाकलं तर काय करणार, हे सगळे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि स्वतःच उत्तरं दिली. देशाला हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. वय होतं १७.

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजनं त्यांना प्रवेश दिला. तिथली थंडी भयानक होती. त्यांनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, आणि तब्येत खालावत गेली. तरीही ११ मार्च १८८६ ला त्यांनी एमडीची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई खास गेल्या होत्या. त्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांकडून नेमणुकीचं पत्र आलं. जिथून पहिलं पत्र गेलं होतं, त्याच गावच्या हॉस्पिटलात बायकांचा वॉर्ड त्यांच्या हाती येणार होता.

आज त्या वॉर्डात कोण आलं असतं?

समजा आनंदीबाई पोहोचल्या असत्या. समजा एक विशीतली मुलगी त्यांच्यासमोर बसली असती. पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, चेहऱ्यावर पुरळ आहे, लग्नाला चार वर्षं झाली पण मूल नाही. तेव्हाच्या वैद्यकात या सगळ्याला मिळून एक नाव नव्हतं. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली सात रुग्ण स्त्रियांचा अभ्यास मांडला, तेव्हा ही लक्षणं एका धाग्यात ओवली गेली. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस, त्यातूनच पुढे आला.

आज जगात पाळीच्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला तो असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांचं निदानच झालेलं नसतं.

नावात सिस्ट आहे म्हणून बऱ्याच जणी घाबरतात. ओव्हरीत गाठी झाल्यात, ऑपरेशन करावं लागणार, वगैरे. प्रत्यक्षात सोनोग्राफीत दिसतात ते बीजांडाचे छोटे कोश, पूर्ण न वाढता थांबलेले. अँड्रोजन हे हार्मोन बायकांच्या शरीरातही थोडं असतं, पीसीओएसमध्ये ते वाढतं. अनेकींच्या शरीरात इन्शुलिन नीट काम करत नाही, म्हणून शरीर ते जास्त तयार करतं आणि त्यानं अँड्रोजन आणखी वाढतं. बीज वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी लांबते. मानेवर काळसर जाडसर पट्टा दिसतो, तो मळ समजून घासणाऱ्या मुली किती असतील!

निदानासाठी डॉक्टर तीन गोष्टी बघतात: अनियमित पाळी, अँड्रोजन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीतली ओव्हरी. यातल्या दोन असल्या आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणं नसली, तर पीसीओएस. म्हणजे सोनोग्राफीच्या एका रिपोर्टवरून ठरत नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं ती मागेपुढे होतेच, त्यामुळे शाळकरी मुलींना घाईनं हा शिक्का मारू नये असं आता डॉक्टरही सांगतात. आणि बारीक मुलींनाही पीसीओएस होतो. नुसतं वजन कमी कर म्हणून घरी पाठवलेल्या मुलींना हे सांगायला हवं.

मूल होतच नाही, हाही गैरसमज. बीज बाहेर पडायला मदत करणारी औषधं आहेत आणि अनेकींना दिवस राहतात. पण पीसीओएस फक्त मुलाबाळांचा विषय नाही. पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका वाढतो. पाळी बरेच महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि तिथल्या कॅन्सरची शक्यता वाढते. त्यामुळे दिवस गेलेले नसताना पाळी तीन महिने चुकली, तर वाट बघत बसायचं नाही. उदासी, चिंता हेही यात येतं, आणि त्याबद्दल तर कुणी विचारतच नाही.

हे सगळं कळूनही मुली उशिरा का पोहोचतात? कारण आपल्याकडे पाळीला पाळी म्हणत नाहीत. कावळा शिवला, अडचण आहे, बाहेरची आहे, असे सतरा आडपडदे. मेडिकलवाला पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. हनुवटीवर केस आले की आधी पार्लर. दवाखान्यात गेलंच तर मागची पाळी कधी आली होती, याचं उत्तर मुलीऐवजी आई देते, तेही आवाज खाली आणून. लग्न ठरायचंय, कुठं बोलू नका, ही सूचना वर. आता बाई डॉक्टर अनेक ठिकाणी आहे. बोलणं मात्र तिथंच अडकलंय.

नोव्हेंबर १८८६

आनंदीबाई मुंबईला उतरल्या तेव्हा त्यांना क्षयानं गाठलं होतं. स्वागत झालं, अभिनंदनाची पत्रं आली, पण कोल्हापूरला जायची ताकद उरली नाही. त्यांना पुण्याला नेलं. क्षयावर तेव्हा कुठलंच औषध नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. बाविसावं वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. एकाही दिवसाची प्रॅक्टिस त्यांना करता आली नाही.

अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलला मराठी बाई डॉक्टर मिळाली ती पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. कृष्णाबाई केळवकर. त्यांना डॉक्टर होण्यासाठी शाहू महाराजांनी पाठबळ दिलं होतं. त्यांनी कोल्हापुरात आयुष्यभर बायका तपासल्या, बाळंतपणं केली. त्यांच्यावर एक वेगळा लेख व्हायला हवा.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत. आणि सीपीआरमध्ये केसपेपर काढायची रांग सकाळी लवकर लागते. तिथं जाणार असाल, तर मागच्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा मोबाइलमध्ये लिहून न्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.